मैनावतीची कॅसेट

शनिवार, ४ जानेवारी २०२५

कानाच्या डॉक्टरीणबाईनं ही वही घालायला लावली. म्हणाली, "आजी, रोज काय ऐकू आलं आणि काय नाही, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी मला दाखवा." मी म्हणलं, "जे आलंच न्हाई ते लिहू कसं?" ती हसली न्हाई. हसलीही असंल, तोंडाला मास्क व्हता. तोंड झाकल्याली माणसं मला आता अर्धीच कळतात.

सून ऋतिका शेजारी बसून सगळं कागदावर उतरवून देत व्हती. दोन्ही कानांची शीर वाळत चालली हाय. औषध न्हाई. मशीन लावता येईल, पण त्यात गाणं नीट येणार न्हाई. सहा महिने, फार तर वर्ष. अक्षर पोरीचं मोत्यासारखं, त्यामुळं वाईट बातमीही वाचायला सोपी गेली.

आज आलं: आपल्या कुकरची शिट्टी. न्हाई आलं: दाराची बेल, दोनदा. दूधवाला वैतागला.

ही वही काय मी तिला दाखवायची न्हाई.

रविवार, ५ जानेवारी

आज ग्रुपचा वार. ग्रुपचं नाव 'आज काय वाजतंय'. नऊ जण हाओत. दर रविवारी दहाच्या आत ज्यानं त्यानं लिहायचं, या आठवड्यात कुठली कॅसेट, कुठली तबकडी, कुठला अल्बम ऐकतोय. कव्हरचा फोटो आन चार ओळी, त्या स्वतःच्या. सुप्रभात न्हाई, फुलं न्हाईत, देव न्हाईत. लागोपाठ तीन रविवार जो चुकला त्याला दिग्विजय काढून टाकतो. हा दिग्विजय हिंजवडीत कंपनीत हाय, वयानं समर्थएवढाच, माझ्या लेकाएवढा. ग्रुप त्याचा, पण नियम आप्पासाहेबांचे.

आप्पासाहेबांचं सदाशिव पेठेत कॅसेटचं दुकान व्हतं. आमचे हे मार्केट यार्डात फुलं टाकली की सरळ तिथं. घरी तेल संपलेलं असायचं आन हे कॅसेट घेऊन यायचे. हे गेले त्याला चार वर्षं झाली. तेराव्याला आप्पासाहेब वाघोलीला आले, कपाट उघडून बघितलं आन म्हणले, "वहिनी, महिपतराव गेले. आता हे कोण ऐकणार?"

मी म्हणलं, "आधीपासनं मीच ऐकत व्हते. ते नुसते आणून द्यायचे."

त्या दिवसापासनं वहिनीची मी शकूबाई झाले आन ग्रुपात आले.

आज बासरीची लावली. बासरीवाला वर चढला की गायब, खाली आला की परत हाय तिथं. जिन्यानं येणारंजाणारं माणूस खिडकीतनं दिसावं तसं. ते काही मी लिहिलं न्हाई. लिहिलं, "गोड हाय, पण मध्ये मध्ये विचार करायला थांबतो." दत्तप्रसादरावांनी लगेच उचललं, "अगदी बरोबर, शकूबाई. त्या मौनातच त्यांचं मोठेपण आहे." हे बँकेतनं रिटायर झालेत. गाण्यातलं त्यांना ठाऊक न्हाई असं काही जगात झालंच न्हाई.

रविवार, २६ जानेवारी

मशीन आलं. कानात घातल्या घातल्या ताटवाट्या अंगावर धावून आल्या. टेप लावला तर वाटलं कुणी पत्र्याची ट्रंक फरशीवरनं ओढतंय, आन ट्रंकेत गाणारी बाई कोंडल्याली हाय. काढून डब्यात ठेवलं.

मागचा रविवार चुकला. हाही चुकला. सत्यशीलाबाईंनी, त्या शाळेत बाई व्हत्या, लिहिलं, "शकूबाई कुठे आहेत? चेष्टेवाचून करमत नाही." आप्पासाहेबांचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले न्हाईत. उचलून करू काय? मग त्यांचा मेसेज आला, "फोन का घेत नाही?" लिहिलं, "हात पिठाचे व्हते." तिन्ही वेळा.

सांगून टाकावं असं मनात आलं. पण ऐकणाऱ्यांच्या पंगतीत बहिरीचं पान कोण मांडणार? आधी हळहळतील, मग मेसेज मोठ्या अक्षरात टाकतील, मग हळूच विसरतील. मला कीव सोसत न्हाई. दुसऱ्याची करायला चालती.

रविवार, २ फेब्रुवारी

आज तिसरा रविवार. साडेनऊ वाजले तरी काय लिहावं सुचंना. जुनं ऐकल्यालं पुन्हा लिहावं तर दत्तप्रसादराव तारखेसकट पकडतील. मग म्हणलं, जी कॅसेट न्हाईच ती कोण पकडणार?

लिहिलं: "सध्या ऐकतीय मैनावती केसनंदकर यांची 'भरलं खळं'. केसनंदच्या जत्रेत निघाली व्हती, दोनशेच काढल्या. कव्हर उंदरानं खाल्लं म्हणून फोटो न्हाई. खळ्यावरची आन खुरपणीची गाणी. संगतीला काही न्हाई, नुसता आवाज. एक ओळ लई लागली:

मापं मोजली शंभर, खळं भरलं भरलं
माझ्या पदराला बाई, कोंड्याचं गं अंबर आलं"

ओळ माझ्या मावशीची. हवेली तालुक्यातल्या समद्या रानांत अशा शेकड्यानं वाहून गेल्या. बाकी मैनावती म्हणजे आमची म्हैस. सात वर्षं दूध दिलं तिनं. जिथं तिचा गोठा व्हता तिथं आता आमच्या बिल्डिंगचं पार्किंग हाय, आन मी सातव्या मजल्यावर, आमच्याच ज्वारीच्या रानाच्या वर लोंबकळतीय.

दहाला पाच कमी असताना पाठवलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं. दत्तप्रसादराव लिहितात, "मैनावतीबाईंना मी ब्याऐंशी साली प्रत्यक्ष ऐकलं आहे. काय आवाजाला वजन होतं!" वजन व्हतंच. पाचशे किलो तरी व्हतं.

सत्यशीलाबाई म्हणतात, नाव ऐकल्यासारखं वाटतंय. दिग्विजयनं इंटरनेटवर शोधलं, सापडलं न्हाई. तर दत्तप्रसादराव त्याला म्हणतात, "सगळं इंटरनेटवर नसतं, बाळा. माझ्याकडे ती कॅसेट होती, कुणीतरी नेली."

ऋतिकाला दाखवलं. ती पण हसली. हल्ली ती बोलताना माझ्या समोर येऊन उभी राहती आन तोंड मोठं मोठं उघडती. हिंजवडीच्या ट्रॅफिकात आरडाओरडा करून सवय लागली असंल.

रविवार, १६ फेब्रुवारी

आप्पासाहेबांनी वेगळा मेसेज केला, ग्रुपात न्हाई. जसंच्या तसं उतरवते.

"शकूबाई, मैनावतीबाईंचं घराणं कोणतं?"

"गावाकडचं हाय."

"रियाज पहाटेचा असणार."

"पहाटे आन दिवेलागणीला. दोन्ही टायमाला."

"खुराक चांगला असेल तर दोन्ही वेळेला भरपूर देत असतील."

"लई. बादली भरून."

"वाटलंच. स्वभावाने कशा होत्या?"

"तशा गरीब. पण परक्या माणसाला लाथ मारायच्या."

मग थोड्या वेळानं आलं, "चाळीस वर्षं दुकान चालवलं. ही एकच निसटली माझ्या हातून. मला ऐकायची आहे."

आप्पासाहेबांसारखा माणूस फसला! वाईट वाटलं थोडं. मजा जास्त वाटली. लिहिलं, "टेपरेकॉर्डर बिघडलाय, झाला की आणते."

सोमवार, २४ फेब्रुवारी

मजा संपली.

दिग्विजयनं लिहिलंय, आप्पांना दवाखान्यातनं घरी पाठवलं. फुप्फुसं संपत आलीत, चोवीस तास ऑक्सिजन. त्यांची मुलगी पूर्णिमा म्हणती की ते दुसरं काही लावू देत न्हाईत, सगळ्या घरभर कॅसेटी असून. म्हणतात, आता एकच ऐकायची राहिली, शकूबाई आणणार हाय. खाली दिग्विजयनं हात जोडल्यात, "शकूबाई, प्लीज लवकर घेऊन जा."

खरं सांगावं तर मरणाऱ्या माणसाला सांगायचं काय? की ती म्हैस व्हती? आन मी तुमची, तुमच्या कानांची, चेष्टा केली?

देवापुढं बसले. देवाला काय, तो बोलला तरी आता ऐकू यायचं न्हाई.

मंगळवार, ४ मार्च

केसनंदला गेले, जावेकडं. सुंदराबाई. खुरपायला बसली की हिचा आवाज तिसऱ्या शिवारात जायचा. म्हणलं, हिची आठ गाणी भरून घ्यावी, झाली मैनावतीची कॅसेट. समर्थचा जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घेतला.

सुंदराबाईनं दात काढल्यात सगळे. फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसवून ठेवलंय तिला. मी मांडलं सगळं तर तिनं हात हलवले. नातीनं तिचं बोलणं मला मोबाईलवर लिहून दाखवलं: "आजी म्हणते, खुरपं हातात असल्याशिवाय आठवत नाही."

म्हणलं, मग खुरपं आण. नात घरभर हिंडून आली. खुरपं न्हाई. शेवटी कुंडीत माती उकरायचा प्लॅस्टिकचा चमचा दिला. सुंदराबाईनं तो मुठीत धरला, दोनदा हवेत खुरपलं, तोंड उघडलं. मग मिटलं. मग माझ्याकडं बघून हसली, नुसत्या हिरड्या. मी पण हसले.

चहा घेऊन आले.

रविवार, ९ मार्च

मीच भरली. ह्यांच्या कॅसेटीतली एक घेतली, वरची खिट्टी मोडल्याली व्हती तिथं चिकटपट्टी लावली, मग भरता येतं. खोलीचं दार लावून आठ गाणी म्हणली. छातीवर हात ठेवला की आवाज लागलाय का ते हाताला कळतं. मला वाटलं, बरं जमलं. आवाज घुमत व्हता. आत.

ऋतिकाला ऐकायला लावली. ती मान खाली घालून बसली. मग लिहिलं, "आई, खूप छान."

म्हणलं, "खोटं लिहायला कागद कशाला नासवती?"

मग तिनं बराच वेळ पेन धरलं. लिहिलं, "सूर धरत नाही. मध्येच खूप खाली जातो, तुम्हाला कळत नाहीये. शब्द सुंदर आहेत." आन नाक पुसत आत गेली. कंपनीच्या बसमधल्या एसीनं तिला कायम सर्दी.

म्हणजे मैनावती बेसूर. आता न्यायची का न्हाई? न्यायची न्हाई तर काय न्यायचं?

बुधवार, १२ मार्च

गेले. समर्थनं सोडलं. दोन जिने चढून आप्पासाहेबांची खोली. भिंतीभर कॅसेटी, नावं बाहेरच्या बाजूला, त्यांच्या अक्षरात. ते मध्ये खाटेवर, नाकाला नळी, खाटेजवळ मशीन. ते मशीन लई वाजत असावं, कारण पूर्णिमा माझ्याशी बोलताना कपाळाला आठ्या घालून ओरडत व्हती. मी हसून मान हलवत व्हते. मान हलवणं मला आता छान जमतंय.

आप्पासाहेबांनी कॅसेट हातात घेतली. उलटीपालटी केली. ह्यांच्या हातचं जुनं नाव मी खरडून काढलं व्हतं, त्याच्यावर बोट फिरवलं. चिकटपट्टीवर बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. दुकानात ते गिऱ्हाईकाकडं असंच बघायचे म्हणं. पूर्णिमानं कॅसेट लावली आन चहा करायला आत गेली.

मी फिरणाऱ्या चाकांकडं बघत बसले. दुसरं बघायला काय व्हतं? चाकं फिरतात म्हणजे मैनावती गातीय. त्यांचा हात पांघरुणावर व्हता, एक बोट हलत व्हतं. ठेका धरल्यागत. पहिलं गाणं शंभर मापांचं, ते माझ्या हिशेबानं चार मिनिटांचं. मी मनात म्हणत राहिले, त्यांच्या बोटाबरोबर. आमचं जमत व्हतं. मग बोट थांबलं आन माझं मनातलं गाणं पुढं गेलं. सूर तिथंच पडला असणार.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण पापणीच्या कडेला ओलं व्हतं. ऑक्सिजननं डोळे कोरडे पडतात म्हणतात, तर पाणी कशाचं.

बाजू संपली, चाकं थांबली. त्यांनी नाकातली नळी बाजूला केली आन बोलायला लागले. लांबलचक बोलले. मध्ये धाप लागली, थांबले, पुन्हा बोलले. पांढऱ्या मिशा व्हटांवर आल्याल्या, एक शब्द वाचता येईना. मी जिथं हसावंसं वाटलं तिथं हसले. एकदा चुकीच्या जागी हसले असावे, कारण ते थांबले.

मग त्यांनी हात उचलला. लई वेळ लागला उचलायला. बोटानं माझ्या कानाकडं दाखवलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिले, उत्तराची वाट बघावी तसं.

मी म्हणलं, "ह्या व्हय? ह्या ह्यांनी केल्याल्या कुड्या. थोरल्याच्या लग्नातल्या. वीस वर्षं झाली."

ते बघतच राहिले. हात तसाच वर. मग त्यांनी तो माझ्या कानावर ठेवला, कुडीवर न्हाई, सगळ्या कानावर, तळहातानं झाकल्यासारखा. म्हाताऱ्या माणसाला कळत न्हाई कुठं हात लावावा. मी म्हणलं, "अहो आप्पासाहेब, पूर्णिमा येईल." तर हसले. मग भिंतीकडं तोंड केलं.

पूर्णिमा चहा घेऊन आली तेव्हा तिला विचारावं वाटलं, ते काय म्हणत व्हते ते तू ऐकलंस का. पण ती तर आतच व्हती.

निघताना त्यांनी भिंतीकडंच बघत हात हलवला.

त्यांना कळलं असंल का, मैनावती मी हाय ते? न्हाई. कळलं असतं तर तिथल्या तिथं टोमणा मारला असता. पुण्याचा माणूस.

रविवार, १६ मार्च

आप्पासाहेब गेले. पहाटे. दिग्विजयनं ग्रुपात लिहिलं. आज कुणी काही वाजवलं न्हाई.

मंगळवार, १८ मार्च

सारखं वाटतंय, त्यांनी काय विचारलं ते मी विचारून घ्यायला पाहिजे व्हतं. "आप्पासाहेब, मला ऐकू येत न्हाई, लिहून द्या." एवढंच. खाटेजवळ वही व्हती, पेन व्हतं. तोंडातनं निघालं न्हाई.

आता कुणाला विचारू.

गुरुवार, २० मार्च

आलं: काही न्हाई.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी समर्थनं उभारली. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत वारा एवढा की तांब्या कलंडला.

दिग्विजयनं लिहिलं, आज आप्पांच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एकच अल्बम ऐकायचा, त्यांनी शेवटी ऐकला तो. 'भरलं खळं'. शकूबाईंनी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरून पाठवावी. लगेच दत्तप्रसादराव, "माझ्याकडेही एक प्रत सापडली आहे, पण फितीला बुरशी आहे. आप्पांना मीच सांगितलं होतं या बाईंबद्दल, फार वर्षांपूर्वी." सत्यशीलाबाई, "केवढी दुर्मीळ गोष्ट जाता जाता ऐकून गेले. भाग्यवान." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. पूर्णिमाचेही. तिला आता ग्रुपात घेतलंय, आप्पासाहेबांच्या जागी.

मग म्हणलं, बास. त्या माणसाच्या नावानं तरी आता खरं बोलू. एकेक अक्षर दाबून लिहिलं:

"मैनावती आमची म्हैस व्हती. अशी कॅसेट कधी निघालीच न्हाई. आप्पासाहेबांनी ऐकली ती मी गायली व्हती, बेसूर. मला जानेवारीपासनं गाणं ऐकू येत न्हाई. आता बोलणंही येत न्हाई. आप्पासाहेब शेवटी माझ्याशी काय बोलले ते मला कळलं न्हाई."

पाठवलं. छाती धडधडत व्हती, ती मात्र कळती.

पहिला आला दिग्विजय: हसून डोळ्यात पाणी आल्याली सहा तोंडं. मग कुणीतरी, "म्हैस!!!" मग सत्यशीलाबाई, "शकूबाई, तुम्ही म्हणजे अगदी. रडता रडता हसवलंत." मग दत्तप्रसादराव, "शकूबाई, आजच्या दिवशी तरी चेष्टा नको होती. मैनावतीबाईंच्या आणि आप्पांच्या, दोघांच्याही स्मृतीचा तो अपमान आहे."

मी लिहिलं, "चेष्टा न्हाई. खरंच ऐकू येत न्हाई."

दिग्विजय म्हणतो, "आम्हालाही ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." आन पुन्हा सहा तोंडं.

पूर्णिमानं काही लिहिलं न्हाई. तिनं वाचलंय, खूण दिसती. दिवसभर बघितलं. काही आलं न्हाई.

बरोबर हाय. मी तरी कुठं विश्वास ठेवला असता माझ्यावर.

रविवार, ६ एप्रिल

दहाला वीस कमी. दिग्विजयनं विचारलं, "शकूबाई, या आठवड्यात काय वाजतंय? कॅसेट पाठवताय ना?"

कपाट उघडून उभी राहिले. एक काढली, टेपात घातली, चाकं फिरताना बघितली, काढली. दुसरी घातली. सगळ्यांची चाकं सारखीच फिरतात.

ग्रुप सोडायचं बटण कुठं असतं ते ऋतिकानं मागं एकदा दाखवलं व्हतं. तिथवर गेले. मग रविवारी तरी माझ्याशी कोण काय बोलणार हा विचार आला, आन परत आले.

लिहिलं, "मैनावती केसनंदकर, दुसरी कॅसेट. हिच्यात बाई लई हळू गाती. शेवटी शेवटी तर नुसते व्हटच हलतात."

दहा वाजायच्या आत दत्तप्रसादरावांचं उत्तर आलं, "खरं आहे. या दुसऱ्या कॅसेटमध्ये आवाज थकलेला आहे, पण समज वाढली आहे."

खाली आठ अंगठे. मी मोजले. आठवा पूर्णिमाचा.